प्रभागाच्या बैठकीत गृहपाठाचा विषय काढला: मुलांनी अभ्यासाला बसायचं कुठे?

चौथीची आई, सावरकरनगर

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या नगरसेवकांनी सोसायट्या आणि चाळी यांची एकत्र बैठक घेतली. मार्च २०२२ मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत सगळा कारभार प्रशासकांकडे होता. जवळजवळ चार वर्षं तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं हेच कळत नव्हतं. त्यामुळे गर्दी चांगली जमली. पाण्याची वेळ, नालेसफाई, कोपऱ्यावरचा बंद दिवा, कचऱ्याची गाडी. सगळेच विषय गरजेचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी मुलांच्या गृहपाठाबद्दल बोलले. "ताई, तो शाळेचा प्रश्न आहे, महापालिकेचा नाही," असं उत्तर मिळालं आणि माईक पुढे गेला.

ते उत्तर मला पटलेलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझा मुलगा खासगी शाळेत चौथीत आहे. मी एक आठवडा वहीत वेळ लिहून ठेवला. सोमवारी एक तास वीस मिनिटं, गुरुवारी पुरे दोन तास, शनिवार-रविवार मिळून एका प्रकल्पाचे तीन तास. आठवड्याची बेरीज दहा तास झाली. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात लिहिलं आहे की पहिली-दुसरीला गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, नववी-दहावीला दिवसाला दोन तास. म्हणजे माझा चौथीतला मुलगा दहावीच्या मुलाएवढा बसतो.

आणि बसतो कुठे? आमची खोली दहा बाय चौदाची. सासूबाईंची मालिका चालू असते, तेव्हा तो पलंगावर पालथा पडून लिहितो. मी कामावरून सव्वासातला येते, कुकर लावते आणि पोळ्या लाटता लाटता त्याला भागाकार सांगते. नऊ वाजता वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज येतो की उद्या चार्ट पेपरवर जलचक्र आणा. खाली दुकान बंद होत असतं, मी धावत जाते. झोपताना मुलाला गोष्ट सांगायची, ती राहून जाते. हे रोजचं झालं आहे.

महापालिकेने शाळांना गृहपाठ बंद करायला सांगावं, अशी माझी मागणी आहे. तुम्हाला काय वाटतं?


घोडबंदरचा बाबा

ताई, तुमचं लिहिलेलं वाचताना आमचंच घर डोळ्यांपुढे आलं. आमच्याकडे जागा आहे, पण वेळ नाही. आम्ही कासारवडवलीच्या पुढे राहतो, शाळा माजिवड्याच्या बाजूला. मेट्रोचं काम, सेवारस्त्यांची खोदाई, अवजड वाहनं. बस कधी पाऊण तासात येते, कधी पावणेदोन तासांत. मुलगी तिसरीत आहे. ती घरी येते तेव्हा पाठीवरचं दप्तर काढायच्या आधी सोफ्यावर झोपलेली असते. तिला उठवून गृहपाठाला बसवायचं, हे मला बाप म्हणून क्रूर वाटतं, तरी मी ते करतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. मला फार आनंद झाला होता. आमच्या शाळेने दोन सत्रांची अडचण सांगितली आणि वेळ होती तीच राहिली. परिपत्रक निघालं म्हणजे काम झालं असं धरून चालू नका, एवढंच सांगायचं आहे. दप्तराच्या ओझ्याचंही तसंच आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त दप्तर नको, हा राज्याचा शासन निर्णय जुलै २०१५ चा. काल आमच्या घरी काट्यावर ठेवलं. मुलीचं वजन चोवीस किलो, दप्तर साडेचार.


माजी बाई, नौपाडा

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकवलं. गृहपाठ भरपूर दिला, म्हणून या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं समजते.

सगळा गृहपाठ एका मापाने मोजू नका. एक असतो सराव: पाढे, दहा ओळी शुद्धलेखन, चार गणितं. हा लहान असतो, मुलाला एकट्याला जमतो आणि त्याने हात बसतो. दुसरं असतं नकललेखन. धड्याखालची प्रश्नोत्तरं फळ्यावरून वहीत आणि वहीतून दुसऱ्या वहीत. त्यातून मुलाला काही मिळत नाही, अक्षर मात्र बिघडतं. तिसरा प्रकल्प, तो आई करते किंवा स्टेशनरीवाला करून देतो. आमच्या शाळेसमोरच्या दुकानात तयार किल्ले टांगलेले असायचे.

एक हिशेब सांगते. वर्गात चाळीस मुलं. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी चाळीस वह्यांना ऐंशी मिनिटं लागतात. एका विषयाच्या. शिक्षकाला तेवढा वेळ कुठून मिळणार? मतदार यादीचं काम, निवडणुकीचं काम, आता जनगणना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात, पण ती तीनच कामं वर्षाचे किती दिवस खातात हे शाळेत राहिल्याशिवाय कळत नाही. मग वहीवर लाल शाईची एक बरोबरची खूण येते, चूक तशीच राहते. चूक तशीच राहिलेला गृहपाठ मूल पुढच्या वर्षी सोबत घेऊन जातं. जो तपासता येणार नाही तो देऊ नये, हा नियम मी शेवटची दहा वर्षं पाळला.

आणि एक गृहपाठ मी कधीच बंद केला नाही. "घरी जाऊन आजीला विचार, तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे." दुसऱ्या दिवशी तास अपुरा पडायचा. उत्तरं गावाकडच्या विहिरीपासून मासुंदा तलावापर्यंत यायची, कुणाच्या वहीत एक ओळही नसायची आणि प्रत्येकाला बोलायचं असायचं.


रिक्षावाला, विटावा

मी सहसा वाचतो फक्त, लिहित नाही. आज लिहितो.

ताई, तुम्ही गृहपाठ बंद करा म्हणता. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, बायकोची चौथीपर्यंत. मुलगी सहावीत महापालिकेच्या शाळेत आहे. तिला शाळेत काय शिकवलं ते आम्हाला कळायची एकच जागा आहे, तिची वही. रात्री रिक्षा लावून आलो की मी वही बघतो. भरलेली असली तर शाळा नीट चालली आहे. कोरी असली तर बाई गैरहजर किंवा पोरगी गैरहजर. तुम्ही शिकलेले लोक घरी इंग्रजी पुस्तक वाचून दाखवाल. आमच्याकडे वही बंद झाली की सगळंच बंद.

दुसरं. मागे आठ दिवस गृहपाठ नव्हता, तर आमच्या चाळीतल्या क्लासवाल्या मॅडमकडे पोरं वाढली. लोकांना वाटलं शाळा काही करत नाही. क्लासचे महिन्याला सातशे रुपये जातात. एका दिवसाचा धंदा गेला समजा. गृहपाठ बंद झाला तर तो क्लासमधून परत येईल, आणि त्याचे पैसे आम्हीच भरू.

राग मानू नका. तुमचा त्रास खरा आहे. पण मला गृहपाठ पाहिजे.


चौथीची आई, सावरकरनगर

दादा, राग कसला. तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. वहीकडे मी त्या नजरेने कधी बघितलं नव्हतं. माझ्यासाठी ती रात्रीचं एक काम होती आणि तुमच्यासाठी शाळेची बातमी.

आता मला वाटतं माझी मागणी चुकली. आपल्या दोघांच्या मुलांची अडचण जागेची आहे, विचारायला कुणी नाही याची आहे. तुमची मुलगी लिहिताना अडली तर कुणाला विचारते?


रिक्षावाला, विटावा

बाजूच्या खोलीतला दहावीचा पोरगा आहे, त्याला. तो नसला तर तसंच सोडून देते. लाइट गेली किंवा पाहुणे आले की जिन्यात बसते.


ऐरोलीकर

नवी मुंबईची बाजू मांडतो. आमच्याकडे मुदत मे २०२० मध्येच संपली होती, म्हणजे ठाण्यापेक्षा जास्त काळ आम्ही नगरसेवकांशिवाय काढला. आता २८ प्रभागांत १११ जण निवडून आले आहेत. एका प्रभागात चार नगरसेवक, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की आपण तिसऱ्याकडे जायचं.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने शहर आखताना प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, शाळा, मैदान, बाजार, समाजमंदिर यांच्या जागा ठेवल्या. महापालिकेने पुढे बहुउद्देशीय इमारती बांधल्या, वाचनालयं काढली, सीवूड्स आणि कोपरखैरणेत सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांच्या प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. एवढं चांगलं काम झालेलं आहे, ते मान्य करायला हवं. पण आमच्या सेक्टरमधली बहुउद्देशीय इमारत संध्याकाळी हळदीसाठी, साखरपुड्यासाठी दिलेली असते किंवा कुलूपबंद असते. तिथून पंधरा मिनिटांवर दिघ्याच्या डोंगरउतारावरची वस्ती आहे. तिथली मुलं आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर, पथदिव्याखाली कठड्यावर बसून लिहिताना मी स्वतः पाहिली आहेत. वॉचमनने त्यांना उठवलं, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. इमारत आपल्याच करातून उभी राहिली, त्याच करात त्या मुलांच्या घरचाही वाटा आहे.

ठाण्यातल्या मागणीत एक ओळ नवी मुंबईसाठी लिहा. आम्ही तोच मजकूर बेलापूरला मुख्यालयात देतो.


तीन हात नाक्याजवळ राहणारी

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक उदाहरण यायला हवं होतं, ते आलं नाही म्हणून लिहिते. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा आहे. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी मिळून ती सुरू केली. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणाऱ्या, पुलाखालीच राहणाऱ्या कुटुंबांची मुलं तिथे शिकतात. कंटेनरमध्ये वर्ग आहेत. मुलं येतात, अंघोळ करतात, गणवेश घालतात, जेवतात आणि मग अभ्यास. २०१९ मध्ये तिथली पहिली दोन मुलं दहावी झाली.

मी शेजारी राहते, म्हणून रोज बघते. त्या मुलांना "घरी करून आण" असं सांगायची सोयच नव्हती, कारण घर म्हणजे दोन खांबांमधली जागा आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. म्हणून अभ्यास शाळेतच करून घेण्याची व्यवस्था उभी राहिली. माणसं बसली, वेळ ठरला, दिवा लागला. दहा बाय चौदाच्या खोलीतल्या किंवा जिन्यात बसणाऱ्या मुलीला हे का मिळू नये? तिच्या डोक्यावर छप्पर आहे एवढ्याने तिचा अभ्यास होतो, असं आपण धरून चाललो आहोत.

आणखी एक. ठाणे महापालिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून चालवते. फार अभिमानाची गोष्ट आहे ती. बावीस वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाची जबाबदारी महापालिका घेऊ शकते, तर दहा वर्षांच्या मुलाच्या वेळी "तो शाळेचा प्रश्न" हे उत्तर टिकत नाही.


सभा ऐकणारा, पाचपाखाडी

मी अनेक वर्षं महापालिकेच्या सर्वसाधारण सभा प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकल्या आहेत. कामकाजाची बाजू सांगतो, म्हणजे श्रम वाया जाणार नाहीत.

पहिली गोष्ट, गृहपाठ बंद करा असा ठराव सभेने केला तरी खासगी विनाअनुदानित शाळा तो मानायला बांधील नाही. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन राज्याच्या आणि मंडळांच्या हातात. उद्या कुणी तसा ठराव वाजतगाजत केला तर वर्तमानपत्रात बातमी येईल आणि वह्या होत्या तशाच राहतील. खासगी शाळेत तुमचं हत्यार म्हणजे पालक-शिक्षक संघ. राज्याच्या शुल्क विनियमन कायद्याने तो प्रत्येक शाळेत असायलाच हवा. दप्तर धोरणातलं तासांचं कोष्टक छापून न्या आणि कार्यकारी समितीच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी बोलून येऊ नका.

दुसरी गोष्ट, महापालिकेच्या स्वतःच्या शाळा. इथे हात थेट पोचतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते. विटाव्याचे दादा, तुमच्या मुलीच्या शाळेतही ती आहे. त्या समितीने "संध्याकाळी सहा ते आठ दोन वर्ग अभ्यासासाठी उघडे ठेवावेत" असा ठराव केला की पुढचं बोलणं सोपं जातं.

तिसरी गोष्ट, आणि इथेच बहुतेक निवेदनं अडतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ म्हणजे महापालिकेची बंधनकारक कामं, त्यात प्राथमिक शिक्षण आहे. कलम ६६ म्हणजे ऐच्छिक कामं, त्यात वाचनालयं वगैरे. तुम्ही "अभ्यासिका द्या" असं लिहिलंत की फाइल ऐच्छिक खात्यात जाते आणि निधी नाही असा शेरा येतो. "प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या वेळेनंतर अभ्यास वर्ग" असं लिहा. इमारत तीच, मुलं तीच, पण काम बंधनकारक शिक्षणाच्या जवळ जातं.

चौथं, पैसा. ठराव मंजूर होतो आणि लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाची वेगळी नोंद, नसतं. मग वर्षभर "तरतूद उपलब्ध होताच" असं उत्तर. मी असे किती ठराव ऐकले त्याची गणती नाही. फार खर्च नाही इथे: दिवे-पंख्यांचं बिल, एक सुरक्षारक्षक, सफाई, मदतनीसांचं मानधन. प्रभाग सुधारणा निधीतून आधी एक शाळा करून दाखवा, आणि त्याच वेळी पुढच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष मागा. दोन्ही एकाच निवेदनात.

प्रभाग समितीत नोंदणीकृत सामाजिक संस्थांच्या तीन प्रतिनिधींपर्यंत नियुक्ती करता येते, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. लोकमान्य-सावरकर प्रभाग समितीत ती नावं कुणाची आहेत विचारा. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आली. आमच्या भागात एकही भरल्याचं मला आठवत नाही. मागितल्याशिवाय भरणारही नाही.


बी.कॉम. दुसरं वर्ष, मुंब्रा

एक मुद्दा सुटतो आहे. मुलींना संध्याकाळी सातनंतर शाळेत पाठवायला घरचे तयार होतील का? मी स्वतः आठवीत असताना अशा एका मोफत वर्गाला जायचे. शिकवणारे फार चांगले होते. पण स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि शाळेपासून गल्लीपर्यंत अंधार. दिवाळीनंतर आम्ही पाच मुली होतो त्यातली एकच राहिली, ती मी नव्हते. मुलांचा वर्ग चालूच राहिला आणि "मुलींचा प्रतिसाद नाही" असं कुणीतरी लिहून टाकलं.

निवेदनात आधी स्वच्छतागृह उघडं आणि रस्त्यावरचा दिवा, मग बाकीचं. आणि एक तरी बाई हजर पाहिजे. उर्दू, हिंदी माध्यमाच्या शाळाही धरा.


माजी बाई, नौपाडा

या मुलीचं म्हणणं पहिल्या क्रमांकावर घ्या. मी शाळेत असताना हे पाहिलं आहे.

वर्ग कसा चालावा यावर थोडं. तो क्लास होता कामा नये. फळ्यावर नवीन काही शिकवायचं नाही. मूल येईल, आपला गृहपाठ काढेल, अडेल तिथे विचारेल. तासाभरात संपला तर गोष्टीचं पुस्तक घेईल किंवा मैदानात जाईल. त्याच शाळेच्या शिक्षकांवर हे लादू नका. दिवसभर उभे राहिलेले असतात ते, आणि कायद्यात त्यांचे आठवड्याचे पंचेचाळीस तास तयारीसकट आधीच ठरलेले आहेत. डी.एड.ची मुलं, कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, माझ्यासारखे निवृत्त. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी येईन. गुडघे दुखतात, म्हणून वर्ग तळमजल्यावर पाहिजे.

आणि वर्गात एक साधी वही ठेवा. कोणतं मूल कुठे अडलं ते लिहायचं. महिन्याने ती शाळेच्या बाईंना दाखवायची. पंधरा मुलं एकाच जागी अडत असतील तर चूक मुलांची नसते, शिकवण्यात काहीतरी राहिलेलं असतं. बाईंना ते कळलं तर त्या नक्की सुधारतील. माझ्या हातून असं राहिलेलं मला कुणीतरी सांगायला हवं होतं.


घोडबंदरचा बाबा

आमच्या सोसायटीचं क्लबहाउस संध्याकाळी रिकामं असतं. समोरच्या जुन्या गावठाणातली मुलं तिथे येऊ शकतील का, हे मी समितीत मांडणार आहे. विरोध होईल, मला माहीत आहे. तरी मांडणार. महापालिकेकडे मागायचं तर आपलंही दार थोडं उघडावं.

आणि आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची बैठक पुढच्या शनिवारी आहे. तासांचं कोष्टक छापून नेतो. तिसरीला आठवड्याला दोन तास. नऊनंतर ग्रुपवर गृहपाठ टाकू नये, हेही लिहून देतो.


चौथीची आई, सावरकरनगर

सगळ्यांचं वाचून निवेदन लिहिलं आहे. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा असं झालं:

"मा. अध्यक्ष, लोकमान्य-सावरकर प्रभाग समिती यांस. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत मुलांना अभ्यासाला बसायला जागा नाही आणि अडलं तर विचारायला माणूस नाही. दिलेला गृहपाठ आई-वडील कामावरून आल्यावर रात्री उशिरापर्यंत चालतो किंवा अपुरा राहतो. महापालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये शाळेच्या वेळेनंतर सहा ते आठ तळमजल्यावरचे दोन वर्ग अभ्यासासाठी खुले करावेत. शाळा कोणतीही असो, प्रभागातल्या प्रत्येक मुलाला तिथे बसता यावं. मुलींचं स्वच्छतागृह उघडं व स्वच्छ असावं, शाळेपासून वस्तीपर्यंतचे पथदिवे चालू असावेत, एक महिला मदतनीस हजर असावी. सुरुवात एका शाळेत प्रभाग सुधारणा निधीतून करावी आणि पुढील अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावं. महापालिकेच्या शाळांनी शालेय दप्तर धोरण २०२० मधील गृहपाठाच्या तासांची मर्यादा पाळावी आणि ती प्रत्येक वर्गाबाहेर लावावी."

"गृहपाठ बंद करा" हे वाक्य काढून टाकलं. माझ्या मुलाला मी आता सांगितलं आहे की शनिवारचा किल्ला तू जसा होईल तसा स्वतः कर, वाकडा झाला तरी चालेल. त्याने वहीच्या पुठ्ठ्याचा बुरूज केला आहे. मी हात लावलेला नाही.


सभा ऐकणारा, पाचपाखाडी

मजकूर चांगला आहे. दोन बदल. "खुले करावेत" च्या पुढे तारीख घाला: शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, त्या दिवसापासून. तारीख नसलेली मागणी कुणी नाकारत नाही आणि कुणी पुरीही करत नाही. आणि प्रत शिक्षण विभागालाही द्या. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देतो.


ऐरोलीकर

"प्रभाग समिती" च्या जागी आमच्या विभाग कार्यालयाचं नाव आणि "शाळेच्या वर्गा" बरोबर "बहुउद्देशीय इमारत" एवढा बदल करून आम्ही हाच मजकूर वापरतो. रविवारी दिघ्यातल्या दोन आयांना भेटलो. त्यांनी विचारलं, आमच्या पोरांना हिंदीतून सांगणारं कुणी असेल का? तो मुद्दा आमच्या निवेदनात घालतो आहे, तुम्हीही घाला.


चौथीची आई, सावरकरनगर

तारीख घातली, माध्यमांचा मुद्दाही घातला. बुधवारी कामावरून लवकर निघून संध्याकाळी पावणेसहाला महापालिकेच्या शाळेच्या फाटकाशी सह्यांसाठी थांबते. मुलं सुटायची आणि आया न्यायला यायची ती वेळ आहे. शिपाईमामांशी बोलले. ते म्हणाले, वर्ग उघडायला माझी हरकत नाही, पण रात्री आठला कुलूप कुणी लावायचं ते कागदावर लिहा, नाहीतर ते माझ्या गळ्यात पडेल. बरोबर बोलले. ती ओळही घालते.


रिक्षावाला, विटावा

ताई, आमचा भाग वेगळा, कळवा प्रभाग समिती. आमच्यासाठी नाव बदलून एक कागद वेगळा द्या. पोरीच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे ते मी काल मुख्याध्यापकांना विचारलं. यादी भिंतीवर होती, मीच कधी बघितली नव्हती. त्यातले दोघं आमच्याच स्टँडचे निघाले. बुधवारी मी सातपर्यंत येतो, शेअरची शेवटची फेरी टाकून. कागद मोठ्या अक्षरात छापा. बायको म्हणते, वाचल्याशिवाय सही करणार नाही.